घणसोली स्टेशनवरून शाळेचा भूगोल: ठाणे-नवी मुंबईच्या पोरांनी कुठून सुरुवात करायची

माझी भाची कळव्याला राहते, आठवीत आहे. भूगोलात मार्क चांगले, खारे वारे मतलई वारे सगळं तोंडपाठ. एक दिवस सहज विचारलं की तुमच्या घरापासून खाडी कुठल्या दिशेला गं, तर म्हणते "मामा, मेडिकलच्या बाजूला." हसलो, पण मग लक्षात आलं की तिला ब्राझीलचा नकाशा भरता येतो आणि स्वतःच्या घराचा नाही. तेव्हापासून एक रविवार सोडून एक रविवार ती माझ्याकडे घणसोलीला येते आणि आम्ही काहीतरी मोजतो. त्यात जे जमलं, जे फसलं ते इथे क्रमाने लिहितोय, पाचवी ते दहावीच्या पोरांना आणि त्यांच्या आईबाबांना उपयोगी पडेल. पुस्तक फेकून द्या असं अजिबात म्हणत नाहीये, फक्त क्रम उलटा करा: आधी गच्ची, लोकलची खिडकी, खाडी, आणि मग धडा.

सामान फार नाही. कोऱ्या पानांची वही, पेन्सिल, पट्टी, मीटर टेप, सरळ अंगाची एक प्लॅस्टिकची बाटली, तिथी असलेलं भिंतीवरचं कॅलेंडर आणि मोबाईल. मोबाईल फक्त जीपीएसपुरता, नाहीतर अर्धा तास रील्समध्ये जातो.

पायरी १: गच्चीवर काठी उभी करा

एक मीटरची काठी वाळूच्या बादलीत सरळ उभी करा. सरळ आहे का ते दोऱ्याला नट बांधून तपासा, नुसत्या डोळ्यांवर भरवसा नको. दुपारी १२ ला सुरू करून १ वाजून १० मिनिटांपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करायची. सगळ्यात आखूड सावली ज्या रेषेवर पडली ती तुमची खरी उत्तर-दक्षिण रेषा. मोबाईलच्या होकायंत्रापेक्षा मला हीच जास्त आवडते, कारण टाकीच्या लोखंडी स्टँडजवळ होकायंत्र येडं होतं.

आता गंमत अशी की सगळ्यात आखूड सावली १२ ला पडतच नाही. भाची म्हणाली, "घड्याळ चुकलंय." घड्याळ बरोबर होतं. भारताची प्रमाणवेळ ८२°३०' पूर्व रेखावृत्तावरची आहे, ते मिर्झापूरच्या जवळून जातं. आपण साधारण ७३° वर. फरक साडेनऊ अंशांचा, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे ३८ मिनिटं. त्यामुळे आपला खरा मध्यान्ह १२:३८ च्या आसपास. तोही वर्षभर पुढेमागे सरकतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२० च्या जवळ तर फेब्रुवारीत १२:५० च्या पुढे, कारण पृथ्वीची कक्षा लंबगोल आहे आणि आस कललेला आहे. पुस्तकात "एका रेखावृत्ताला ४ मिनिटे" हे वाक्य पाठ करून जे होत नाही ते एका दुपारी गच्चीवर होतं.

सावलीची लांबी तारखेसकट लिहून ठेवा. २१ मार्चला एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली साधारण ३५ सेमी येते, २२ डिसेंबरला ९० सेमीच्या थोडी वर. आणि २१ जूनला ढग नसतील तर, म्हणजे नशीबच लागतं, जेमतेम साताठ सेमी आणि तीही दक्षिणेकडे! सूर्य तेव्हा आपल्या डोक्याच्या उत्तरेला गेलेला असतो. आपण १९° उत्तरेला, कर्कवृत्त २३°३०' ला, म्हणजे सूर्य आपल्याला वर्षात दोनदा बरोब्बर डोक्यावरून ओलांडतो. एकदा मेच्या मध्यावर आणि दुसऱ्यांदा जुलैच्या शेवटी. मे महिन्यात १४ ते १७ तारखेला रोज साडेबाराच्या सुमारास गच्चीवर बाटली उभी करून ठेवा, एक दिवस सावली बुडाखाली गायब होते. जुलैची संधी पावसात जाते, ती विसरायची. दिल्लीतल्या पोरांना हे कधीच बघायला मिळत नाही, ती कर्कवृत्ताच्या वर आहेत, हे सांगितलं की आपली पोरं उगाच खूश होतात.

रात्री जमलं तर ध्रुवतारा. हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश होतात, त्यामुळे उत्तरेला क्षितिजापासून एकावर एक दोन मुठी मोजा, त्याच्या जरा खाली ध्रुव. तुमचं अक्षांश जितकं तितकाच तो वर, १९ अंश. घणसोलीतून उत्तरेला ठाण्याचा उजेड येतो त्यामुळे आम्हाला दिसला नाही, मुरबाडजवळच्या गावी गेलो तेव्हा दिसला.

पायरी २: ७३° ची रेषा पकडा

अक्षवृत्त-रेखावृत्त म्हटलं की पोरांना वाटतं या रेषा कुठेतरी समुद्रात असतात. ७३° पूर्व रेखावृत्त चक्क नवी मुंबईतून जातं. वाशी स्टेशन ७३ च्या किंचित पश्चिमेला, सानपाडा पूर्वेला. मोबाईलवर जीपीएसचे आकडे दाखवणारं कुठलंही ॲप लावा आणि वाशी स्टेशनवरून सानपाड्याकडे चालत निघा, रस्त्याच्या कडेने नीट. ७२.९९८, ७२.९९९ आणि मग ७३.०००. भाचीने तिथे फूटपाथवर उभं राहून फोटो काढला, मागे भेळेची गाडी.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलनिर्देशक नकाशेही याच रेषेवर कापलेले आहेत. १:५०,००० प्रमाणाच्या शीटमध्ये ठाणे शहर ४७ ए/१६ वर आणि कल्याण शेजारच्या ४७ ई/४ वर, म्हणजे नवी मुंबईचे दोन तुकडे झाले. प्रमाण इथेच समजवून टाका: १:५०,००० म्हणजे नकाशावरचे २ सेमी म्हणजे जमिनीवरचा १ किमी. घरापासून शाळेपर्यंत पावलं मोजा (आधी दहा पावलं टेपने मोजून सरासरी काढा), मीटर करा, आणि ते अंतर त्या प्रमाणात किती मिमी होईल ते काढायला लावा. बहुतेक शाळा दोन-तीन सेमीच्या आत येते.

पायरी ३: डोंगर ते खाडी, एक छेद

ही पायरी घाईत करू नका. मला विचाराल तर निम्मा भूगोल इथे आहे.

ठाण्याहून वाशी किंवा पनवेल लोकल पकडा, रविवारी सकाळची, बसायला मिळतं. गाडी खाडी ओलांडून दक्षिणेला वळली की डाव्या हाताला म्हणजे पूर्वेला पारसिकचा डोंगर, उजव्या हाताला वस्ती आणि तिच्यापलीकडे खाडी. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, हेच चित्र. घणसोलीला उतरा. आता मनात एक सरळ रेघ मारा, पूर्वेच्या डोंगरापासून पश्चिमेच्या पाण्यापर्यंत, सगळी मिळून चार-पाच किलोमीटर. तिच्यावर काय काय लागतं ते ओळीने लिहा: डोंगर, एमआयडीसी, ठाणे-बेलापूर रोड, रेल्वे, सेक्टर आणि त्यांच्यात अडकलेलं जुनं गावठाण, तिवरं, चिखल, पाणी.

आता हा छेद वहीत काढायचा. आडवं प्रमाण १ सेमीला २५० मीटर घ्या, पान पुरतं. उभं प्रमाण १ सेमीला ५० मीटर. त्यामुळे चित्रातला डोंगर खऱ्यापेक्षा पाचपट उभा दिसणार, हे पोरांना आधीच सांगा, नाहीतर आमच्यासारखं होतं, भाचीने काढलेला पारसिक बघून तिची आई म्हणाली, "हा काय हिमालय?" उंची घ्यायची ती समोच्च रेषांवरून, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवरून. स्थलनिर्देशक नकाशात दर २० मीटरला एक रेषा असते, डोंगरावर त्या एकमेकींना चिकटतात आणि रेल्वेपासून खाडीपर्यंत एकही येत नाही. रेषा नाही म्हणजे नकाशा अर्धवट आहे असं नाही, तो सगळा पट्टा २० मीटरच्या खालीच आहे. समोच्च रेषा डोक्यात बसत नसतील तर अर्धा बटाटा पालथा ठेवून सारख्या जाडीच्या चकत्या करा, मोठीपासून लहानपर्यंत एकाच कागदावर एकात एक ठेवून पेन्सिल फिरवा. उभ्या उताराच्या बाजूला रेघा जवळ येतात हे दिसेल, नंतर बटाट्याची भाजी.

डोंगराचा दगड बघा. काळा बेसाल्ट, आपला कातळ. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबलचक भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले, आज उरलेलं दख्खनचं पठार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर. शंकूसारखा डोंगर आणि वर धूर हे चित्र इथे चालत नाही, हा भेगीय ज्वालामुखी, हा प्रश्न पेपरात येतो आणि पोरं हमखास शंकू काढून येतात. लाव्ह्यात अडकलेल्या वायूंच्या बुडबुड्यांची भोकं दगडात दिसतात, कधी त्यात पांढरे स्फटिक. त्यासाठी खाणीत जायची गरज नाही आणि जाऊ पण नका, डंपर फिरत असतात. रस्त्याकडेची खडीच उचलून बघा. पारसिकच्या पोटातून १९१६ मध्ये सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा काढला, त्याच कातळातून.

मग पश्चिमेचं टोक. ठाण्याची खाडी म्हणजे नदी नव्हे, ही चूक मोठी माणसंही करतात. उल्हास नदी खंडाळ्याकडच्या सह्याद्रीतून निघते, कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण करत ठाण्याजवळ येते आणि तिचं मुख्य पाणी वसईच्या खाडीने समुद्राला जातं. ठाणे खाडीत येतो तो तिचा चिंचोळा फाटा, बाकी सगळं भरतीचं खारं पाणी. म्हणून तर ठाण्याला खाडी अरुंद आणि वाशीच्या पुलावर तोंड एवढं मोठं.

चिखलात पेन्सिली उगवल्यासारखं दिसतं ती तिवराची श्वासमुळं. खाजणाच्या, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या जमिनीच्या, चिखलात हवा नसते म्हणून मुळं वर येऊन श्वास घेतात. नोव्हेंबर ते मे रोहित पक्षी येतात. खाडीचा हा भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा. चिखलात पाय घालू नका, गुडघाभर आत जातो, ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे तिथून बघा.

पायरी ४: भरतीची वेळ तिथीवरून

कोकणात आणि कोळीवाड्यात जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर ४ पाऊणे ३, म्हणजे ३ च्या सुमारास भरती, दुपारची आणि पहाटेची. अष्टमीला ६. पौर्णिमा-अमावास्येला १५ पाऊणे सव्वाअकरा. तासाभराचा फरक पडू शकतो, आणि खाडीत आत पाणी बंदरापेक्षा जरा उशिराच चढतं. पण यामागचं कारण पक्कं आहे. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, तिथीला पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, आलं ना जवळ? अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका ओळीत म्हणून उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीला काटकोनात म्हणून भांगाची, म्हणजे लहान भरती.

सलग चार रविवार एकाच जागेवरून एकाच वेळी खाडीचा फोटो काढा, पुलाचा खांब किंवा जेट्टीची पायरी खूण म्हणून धरा आणि फोटोखाली तिथी लिहा. प्रोजेक्ट तयार.

याचा आपल्या घराशी संबंध आहे. नवी मुंबईचा बराच भाग खाजणावर भराव टाकून उभा राहिलाय आणि मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा सखल आहे. म्हणून सिडकोने होल्डिंग पाँड केले, भरतीला झडपा बंद, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला खाडीत सुटतं. नेरुळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, जिथे आपण जॉगिंग करतो, ते त्यातलंच एक. जोराचा पाऊस आणि उधाण एका वेळी आलं की काय होतं ते पोरांनी स्वतःच सांगितलं पाहिजे.

पायरी ५: पाऊस मोजा

बाटलीचा वरचा भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवा. बूड खाचाखोचांचं असतं म्हणून तळाशी खडे आणि सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी, तिथे शून्य. त्याच्यावर मिमीची पट्टी चिकटवा. नरसाळं आणि बाटली एकाच रुंदीची असेल तर जितकी उंची तितका पाऊस. रोज सकाळी ८:३० ला वाचायचं, हवामान खातं पण तेव्हाच वाचतं. आमचा पहिला आठवडा वाया गेला. कोरड्या दिवशी ११ मिमी पाऊस! नंतर वर बघितलं, तिसऱ्या मजल्याच्या एसीचा पाइप. मोकळी जागा शोधा.

२४ तासांत ६४.५ मिमीच्या वर गेलं की "जोरदार", ११५.६ पासून "अति जोरदार", २०४.४ च्या वर "अत्यंत जोरदार". २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी झाला होता. हा आकडा नुसता सांगून कळत नाही. एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. बिल्डिंगची गच्ची २०० चौरस मीटर धरा, गुणा, १ लाख ८८ हजार ८०० लिटर. दहा हजारी टँकर एकोणीस, एका गच्चीवर, एका दिवसात.

पर्जन्यछाया शिकायला मात्र घाट चढावा लागतो. जुलैमध्ये माळशेजला आम्ही चिंब भिजलो, गाडीचे वायपर पुरेनात, आणि ओतूर यायच्या आत रस्ता कोरडा. बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात, पाऊस या बाजूला रिकामा होतो. मुंबईचा वर्षाचा सरासरी पाऊस २,००० मिमीच्या वर आणि पुण्याचा ७०० च्या आसपास, मध्ये फक्त घाट.

पायरी ६: आता माणसं

मानवी भूगोल म्हणजे व्याख्या असा समज आहे. तुमच्या छेदाची वही परत उघडा. डोंगराच्या दगडखाणी आणि खाडीतली मासेमारी प्राथमिक व्यवसाय, एमआयडीसीतले कारखाने द्वितीयक, बस-रिक्षा-दुकानं-बँका तृतीयक, ऐरोलीतली आयटी ऑफिसं चतुर्थक. एका रेघेवर चारही. भूमी उपयोजनाचे रंग पण तिथेच भरा, वस्ती लाल, शेती पिवळी, वन हिरवं, पाणी निळं. पिवळी पेन्सिल जवळजवळ वापरावीच लागत नाही, हेच उत्तर.

वस्तीची जागा का निवडली जाते याला ठाण्याइतकं चांगलं उदाहरण नाही. खाडीच्या टोकाचं सुरक्षित बंदर, मागे डोंगर, शिलाहारांचं श्रीस्थानक. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ३४ किलोमीटर येऊन इथेच थांबली. घोडबंदर रोड रेषाकृती वस्ती, गावठाण केंद्रित, शहापूर-मुरबाडचे पाडे विखुरलेले.

आकडे करताना सावध. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्हा १ कोटी १० लाख ६० हजार १४८ लोकसंख्येचा, क्षेत्रफळ ९,५५८ चौकिमी, घनता काढा, १,१५७ येते. पण १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, म्हणजे हा आकडा जुन्या जिल्ह्याचा. जुन्या गाईडमध्ये ठाणे जिल्ह्याची सीमा गुजरातला लागलेली असते, ती आता पालघरची. आपल्याकडे खुल्या समुद्राचा किनारा उरलाय तो भाईंदर-उत्तनकडे.

स्थलांतरासाठी बिल्डिंगमधल्या वीस घरांना तीन प्रश्न विचारा: मूळ गाव कुठलं, कधी आलात, का आलात. "का" चे दोन ढीग करा, गावाने ढकललं की शहराने ओढलं. दुष्काळ, तुकड्याची शेती, धरणात गेलेली जमीन एका ढिगात, नोकरी, शाळा, मुंबईपेक्षा स्वस्त घर दुसऱ्या. मग महाराष्ट्राच्या नकाशावर बाण. शेजारी वाशी मार्केटच्या मालाचे बाण काढा, नाशिकचा कांदा, देवगड-रत्नागिरीचा हापूस, नागपूरची संत्री. भाचीच्या नकाशात साताऱ्याहून सात बाण आले, मालाचा एकही नाही.

अकराव्या घरात गावठाणातले एक आजोबा भेटले, लेकाच्या फ्लॅटमध्ये आले होते. कधी आलात म्हणून विचारलं तर म्हणाले, "आम्ही कंचे आलू? तुमीच आले. आमचा खाजन तुमचे पार्किंगचे खाली हाय." मग भातशेती कुठे होती, मिठागर कुठे, सिडकोने जमीन घेतली तेव्हा काय झालं, घेतलेल्या जमिनीच्या बदल्यातला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट, सगळं तासभर सांगत बसले. वहीत तीन पानं झाली, ती त्या धड्यात कुठे बसतात मला माहीत नाही. त्यांचा बाण कुठून काढायचा हे काही तिला सुचेना, शेवटी तिने घणसोलीवर नुसतं एक टिंब दिलं आणि सूचीत लिहिलं, "इथेच होते."

हा बाणांचा नकाशा मोठ्या कार्डशीटवर काढा, वहीच्या पानावर साताऱ्याचे बाण एकमेकांवर चढतात.